लेथला १२७ दात्यांचेच चाक का लागते?

अंबडकर
अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझे छोटे वर्कशॉप आहे. गेल्या महिन्यात तेथे एक जुना लेथ (धातू फिरवून कातण्याचे यंत्र) घेतला. त्याचा लीड स्क्रू (आटे पाडताना टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंची, म्हणजे इंचाला ८ आट्यांचा असून, त्यावर दीड मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांत तेवढे अंतर असलेले, आटे पाडायचे तर सोबत आलेल्या चेंज गिअरांत (बदलून लावायच्या दातेरी चाकांत) हिशेब बसत नाही. १२७ दात्यांचे चाक हरवले आहे, हे विकणाऱ्याने सौदा झाल्यावर सांगितले. त्याऐवजी १२० किंवा १२५ का चालत नाही?

निवृत्त टर्नर, सातपूर
१९५९ पासून एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर मानले जातात. त्यामुळे आपल्या लीड स्क्रूचा पिच ३.१७५ मिलिमीटर होतो, आणि १.५ ला ३.१७५ ने भागले की उत्तर नेमके ६०/१२७ येते. १२७ ही मूळ संख्या असल्याने ती दोन लहान चाकांत विभागता येत नाही. स्पिंडलच्या (काम फिरवणाऱ्या मुख्य शाफ्टच्या) बाजूला ६०, लीड स्क्रूवर १२७ आणि मध्ये कोणतेही आयडलर (नुसते जोडणारे चाक) लावावे; आयडलरने गुणोत्तर बदलत नाही.

तूर्त ६३ दात्यांचे चाक मिळत असेल तर ६३ ने ८० फिरवावे आणि ८० च्याच स्टडवरील ३० ने ५० फिरवावे. पिच १.५००२ मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे १०० मिलिमीटर लांबीत चूक जेमतेम सव्वा शतांश मिलिमीटरची. बोल्टला हे चालते. गेजला (मापन-साधनाला) किंवा लांब स्क्रूला मी चालवून घेणार नाही. आणि काम पूर्ण होईपर्यंत हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा उघडझाप करणारा नट) उघडू नये, मोटर उलटी फिरवूनच टूल मागे आणावे, नाहीतर पुढच्या कटला आटा हमखास चुकतो.

गणिताचा शिक्षक, गंगापूर रोड
हाच १२७ दोन हजार वर्षांपूर्वीही एका कारागिराच्या वाट्याला आला होता. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये वर आलेल्या, सूर्य-चंद्राच्या गती दाखवणाऱ्या यंत्राची ३० कांस्य चाके आज शिल्लक असून त्यांचे दाते चक्क त्रिकोणी आहेत. १९ वर्षांत चंद्र राशिचक्राच्या २५४ फेऱ्या करतो, असे त्या काळचे गणित होते. २५४ म्हणजे दोनदा १२७. म्हणून त्याने ६४ ने ३८, ४८ ने २४ आणि १२७ ने ३२ अशी साखळी जुळवली. गुणाकार करून पाहा, बरोबर २५४/१९ येतो. आपल्या २५.४ शी याचा संबंध निव्वळ योगायोगाचा. अडचण मात्र तीच, की मूळ संख्या फोडता येत नाही.

निवृत्त टर्नर, सातपूर
त्याने ते हाताने कसे आखले असेल, हा प्रश्न मला कधीचा पडलेला आहे. आपल्याला ४० ला १ च्या (हँडलच्या ४० फेऱ्यांत कामाची एक फेरी) डिव्हायडिंग हेडवरसुद्धा, म्हणजे वर्तुळाचे समान भाग पाडणाऱ्या साधनावरसुद्धा, १२७ सरळ येत नाही. १२० धरून दर दात्याला हँडल एक तृतीयांश फेरी, म्हणजे १८ भोकांच्या वर्तुळात ६ भोके, फिरवावे. उरलेला फरक भरून काढायला हेडच्या स्पिंडलवर ५६ आणि वर्मच्या शाफ्टवर २४ चे चाक लावावे. या चाकांनी फिरणारी भोकांची प्लेट हँडलच्या उलट दिशेने फिरली पाहिजे.

अंबडकर
शेजारच्या शेडमध्ये ६३ चे चाक मिळाले आणि बोल्टवर नट शेवटपर्यंत हाताने बसला. १२७ च्या चाकाचा ब्लँक (दाते पाडण्याआधीची चकती) उद्या टर्न करतो; प्लेट उलट फिरते की नाही हे पहिला दाता पाडण्याआधी कसे तपासावे, तेवढे कृपया सांगावे.

निवृत्त टर्नर, सातपूर
ब्लँकवर आधी निळा रंग लावून कटरने नुसत्या १२७ रेघा ओढाव्यात. शेवटची रेघ पहिल्या रेघेपासून एक दात्याच्या अंतरावर आली तरच कट द्यावा.