शेवंतीची शेंड्याची पानं पिवळी पडतायत, 0:52:34 मारू का?

यवतकर:
नमस्कार मंडळी, यवतजवळ दीड एकर पांढरी शेवंती आहे, मे अखेरची लागण, शेंडे खुडून झालेत, फुटवा पण झकास आहे. पण पाऊस लागून राहिला आणि शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली, शिरा मात्र हिरव्याच, काही ठिकाणी कोवळं पान पार पांढरट झालंय. दुकानदार म्हणतो दर चार दिवसांनी 0:52:34 (पाण्यात विरघळणारं स्फुरद-पालाशचं खत) मारा, दसऱ्याला कळी लागेल, आणि कॅल्शियम नायट्रेट पण त्याच पंपात टाका. फवारणीवरच भागणार असेल तर ठिबकचं खत बंद करू का?

मळेकरी:
दादा, आधी ते कॅल्शियम नायट्रेट 0:52:34 मध्ये अजिबात मिसळू नका, कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आलं की पांढरा साका बसतो, नोझल चोकअप होतं आणि दोन्ही खतं वाया. खात्री करायची असेल तर बाटलीत थोडं थोडं कालवून बघा.

दुसरं, कोवळं पान पिवळं नि शीर हिरवी म्हणजे लोह कमी पडतंय. नत्र कमी असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती. तुमच्याकडे जमीन चुनखडीची असेल, त्यात वाफसा नाही (मातीत पाणी साचून हवा खेळत नाही), मुळी गुदमरली की लोह जमिनीत असून उचलत नाही. चर काढून पाणी बाहेर काढा, ते पहिलं काम. फवारणीला हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) लिटरला 5 ग्रॅम, 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम, सोबत लिंबूसत्त्व लिटरला 1 ग्रॅम. हिराकस हिरव्या खड्याचंच घ्या, तांबूस पडलेलं घेऊ नका. आधी एकाच ओळीवर मारा, आठवड्याभरात जिथं थेंब पडला तिथं हिरवे ठिपके दिसले की समजायचं निदान बरोबर, मग सगळ्या प्लॉटवर मारा. चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल असं बांधलेलं लोह) पण चालतं, महाग पडतं एवढंच.

खेडचा फुलवाला:
वरच्या भाऊंशी सहमत. ठिबकचं खत मात्र बंद करू नका राव. हिशोब करा, एकरी 200 लिटर पाणी, लिटरला 5 ग्रॅम 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के) म्हणजे 1 किलो खत, त्यात नत्र फक्त 190 ग्रॅम. शेवंतीला एका हंगामात नत्र किलोंनी लागतं, ते पानावाटे कधीच पुरं होणार नाही. फवारणी म्हणजे मुळी अडलेली असताना दिलेलं सलाईन, जेवण जमिनीतूनच. लोह, जस्त, बोरॉन असली चिमटीभर लागणारी अन्नद्रव्यं पानातून द्यायला खरंच फायदा आहे.

आणि कळीचं म्हणाल तर शेवंती रात्र मोठी व्हायला लागली की कळी धरते. रस्त्याच्या दिव्याखालच्या ओळी मागं राहतात बघा, खत तेच, पाणी तेच, पण रात्री उजेड असतो. त्यामुळं 0:52:34 नं दसरा गाठता येत नाही, कळी लागल्यावर एकदोनदा मारलं तर फूल भरायला मदत होईल, दर चार दिवसांनी मारण्यात मात्र पैसा जातो आणि पानाच्या कडा करपायची भीती.

गच्चीवरची बाग:
मध्येच विचारते, कुंडीतल्या गुलाबाला 19:19:19 किती घ्यायचं? मी दुपारी ऑफिसला जाताना मारते.

मळेकरी:
ताई, लिटरला 2 ग्रॅम भरपूर झालं, पंधरा दिवसांतून एकदा. दुपारी नको, थेंब लगेच सुकतो, खत पानावर तसंच राहतं आणि डाग पडतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर मारा, पानाच्या खालच्या बाजूनं पण, आणि कुंडीची माती ओली असताना.
यवतकर दादा, कळीला रंग दिसला की हिराकस बंद बरं का, पांढऱ्या पाकळीवर तांबूस डाग पडले तर माल बाजारात मार खातो.

यवतकर:
लय भारी माहिती दिलीत, मनापासून आभार. खालच्या अंगाला पाणी साचतंयच, उद्या चर मारून घेतो, हिराकस आणून कडेच्या ओळीवर मारतो आणि ठिपक्यांचा फोटो इथंच टाकतो.