शब्दचर्चा: मल्टिमीडियातल्या 'सीन'ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीकर: अभियांत्रिकीच्या मुलांसाठी एमपेग-४ वर (चित्र-आवाज डिजिटल रूपात साठवायचं-पाठवायचं मानक) मराठी टिपण लिहितोय. 'सीन डिस्क्रिप्शन'पाशी अडलोय. 'दृश्यवर्णन' म्हटलं की थेट निबंधाची वहीच आठवते.

नौपाडावासी: 'प्रवेश' घ्या. गडकरी रंगायतनच्या प्रेक्षकाला अंक-प्रवेश समजावून सांगावे लागत नाहीत.

ऐरोलीकर: नाटकातला प्रवेश संपला की पुढचा सुरू होतो. इथला सीन तसा नाही. पडद्यावर काय काय आहे, कुठे आहे, कधी सुरू होतं, बोट लावलं तर काय होतं, याची ती नोंद. व्हिडिओ, आवाज, मजकूर वेगवेगळे येतात. प्लेअर ही नोंद वाचून त्यांना जागेवर बसवतो.

कोपरीचा काका: अहो मग 'देखावा'! गणपतीत मंडळाचा चलतचित्र देखावा असतो तोच हा. मूर्ती, दिवे, निवेदन सगळं वेगळं, पण कशानंतर काय हलायचं ते आधी ठरलेलं. ढोंगाचा अर्थ आड येईल म्हणाल, तर मंडपात कुणाला येतो?

वाशी१७: देखाव्याला माझं मत. 'एन्कोडिंग'ला मात्र 'कूटबद्ध' करू नका, कूट म्हटलं की गुपित आलं. 'संकेतन' बरं. आणि हा फरक टिपणात हवाच: १९९७ चं व्हीआरएमएल (त्रिमितीय देखावे लिहायची भाषा, आयएसओ १४७७२) साध्या मजकुरात असायचं, नोटपॅडमध्ये वाचता यायचं. एमपेग-४ च्या बिफ्सनं, म्हणजे त्यातल्या सीन लिहायच्या पद्धतीनं, त्याचेच नोड (देखाव्याचे एकेक घटक) घेतले, द्विमितीय नोडांची भर घातली आणि सगळं बायनरीत बसवलं. बिटांची बचत झाली ते ठीक, पण खरी गंमत म्हणजे देखावा चालू असताना 'हे घाल, हे काढ, हे बदल' असे हुकूम प्रवाहातून पाठवता येतात.

ऐरोलीकर: 'नोड' तसाच ठेवतो. सिडकोच्या कृपेनं इथे नवी मुंबईत वसाहतीलाही नोडच म्हणतात, सगळे नोडमध्येच राहतात.

वाशी१७: फक्त तुमच्या नोडखाली सेक्टर, इथे नोडखाली पुन्हा नोड! बरं, 'रूट'चं (route) काय?

ऐरोलीकर: 'मार्ग' लिहिलं होतं, खोडलं. टचसेन्सर नावाच्या नोडला बोट लागलं की ती वेळ टाइमसेन्सरला (घड्याळाचा नोड), त्याचा अपूर्णांक (ठरल्या वेळातला किती सरला) इंटरपोलेटरला (मधली जागा काढणारा नोड), तिथून निघालेली जागा ट्रान्सफॉर्मला (वस्तू हलवणारा नोड), आणि चेंडू सरकतो. एका नोडचं मूल्य दुसऱ्याला लावून देणं एवढंच. 'जोडणी' लिहितोय.

कोपरीचा काका: वायरमन पण हेच म्हणेल.