थंड इंजिन: उभं ठेवण्यापेक्षा हळू चालवा
निफाडसारख्या थंडीत निघण्याआधी १० मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवावी, असं काही जण सुचवतात. कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणारा जुना यांत्रिक भाग) जमान्यात ते ठीक होतं. आताच्या पेट्रोल गाड्यांत इंजिन थंड असताना जास्तीचं पेट्रोल सोडलं जातं, आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. म्हणून स्टार्ट केल्यावर चढलेला आरपीएमचा काटा जरा खाली आला की निघा. डिझेल असेल तर स्टार्ट करण्याआधी डॅशबोर्डवरचा कॉइलचा (ग्लो प्लगचा) दिवा विझू द्या. खरी काळजी पुढच्या १० मिनिटांत: पाय हलका, काटा २,००० च्या आसपास. इंजिन थंड ठेवणारं पाणी (कूलंट) लवकर तापतं, ऑइल तापायला मागे राहतं. टर्बो (इंजिनात जादा हवा भरणारा पंखा) असलेल्या गाडीवाल्यांनी तर हे पाळाच, पण काटा खाली ठेवायचा म्हणून वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटू नका.