मदत हवी आहे: मेंदूचा पेट स्कॅन नाशिकमध्ये करावा की मुंबईला न्यावं?

नमस्कार मंडळी. बाबा, वय ६८, पंचवटीत असतात. विसरणं बेताचंच, पण स्वभावच पालटलाय. भाजीवाल्याशी हमरीतुमरी काय, दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात काय! एमआरआयमध्ये ‘वयोमानानुसार बदल’ एवढंच आलं. आता डॉक्टर एफडीजी पेट (साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचून काढतात तो स्कॅन) सांगतात. मेंदूचा कुठला भाग ग्लुकोज कमी वापरतोय ते त्यात दिसतं: पुढचा असेल तर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा (स्वभाव-वागणं पालटणाऱ्या मेंदूच्या आजाराचा) संशय, मागचा-बाजूचा असेल तर अल्झायमरचा.

पण बाबांना मधुमेह आहे, उपाशीपोटी साखर २०० च्या आसपास. साखर चढलेली असली की चित्र धूसर येतं म्हणे. गोळ्या-इन्सुलिनचं तुमच्या डॉक्टरांनी कसं बसवून दिलं? पेट बहुतेक कॅन्सरसाठीच करतात. मेंदूचा रिपोर्ट नीट वाचणारं कुणी नाशकात आहे का? खर्चाचा अंदाजही सांगा.