मदत हवी आहे : पंख्याच्या घरात सुगंधी मेणबत्ती आणि वॅक्स मेल्ट

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास घरभर राहतो, म्हणून क्रॉफर्ड मार्केटमधून काचेच्या ग्लासातली सुगंधी मेणबत्ती, थोडे वॅक्स मेल्ट (सुगंधी मेणाच्या बिनवातीच्या वड्या) आणि त्या बशीत वितळवायला चिनी मातीचा बर्नर आणलाय. घर म्हणजे परळच्या चाळीतली खोली. पंखा बंद केला तर जीव जातो, चालू ठेवला तर ज्योत नाचते आणि काचेच्या एकाच बाजूला काजळी चढते.

वात ६ मिलिमीटरपर्यंत कापायची, एका वेळी ४ तासांहून जास्त जाळायची नाही, तळाशी सेंटीमीटरभर मेण उरलं की थांबायचं, एवढं ठाऊक आहे. पेटत्या मेणावर पाणी ओतायचं नाही, हे तर सासूबाईंकडून पाठच करून घेतलंय. (त्यांची समई मात्र सगळ्या नियमांच्या पलीकडे!)

अडलंय ते पुढे. पंखा एक नंबरवर ठेवून कोपऱ्यात लावली तर चालेल, की पंखा बंदच हवा? वॅक्स मेल्टसाठी बर्नरखाली टीलाइट (छोटी चपटी मेणबत्ती) बरी की मेण वितळवणारा विजेचा वॉर्मर? ज्योत नाही म्हणून माझा कल वॉर्मरकडे आहे. वास उडाला तरी मेण तसंच उरतं, ते बशीतून कसं काढता? सिंकमध्ये ओतणार नाही, पाइप तुंबेल.

आणि मुख्य म्हणजे, शेजारच्या काकूंचा लव्हबर्ड्सचा पिंजरा आमच्या दारापासून हातभर अंतरावर, गॅलरीतच टांगलेला असतो. पक्ष्यांना धूर आणि उग्र वास लवकर बाधतो. दार उघडं ठेवलं तर वास तिकडे जाणार, लावलं तर आम्ही गुदमरणार. पक्षी पाळणाऱ्यांनी प्लीज सांगा, काय करू?