घरच्या घरी व्हेपचं लिक्विड मिसळायचंय, नाशिकमध्ये सामान कुठे मिळेल?

कॉलेजरोडवासी

नमस्कार मंडळी. वय २७, अंबडला नोकरी. सिगारेट सोडायची म्हणून व्हेपवर (ई-सिगारेटवर) आलो आणि आता तिथेच अडकलोय. तयार लिक्विड लपूनछपून मिळतं, भाव तोंडाला येईल तो सांगतात, आणि बाटलीवर जे लिहिलंय तेच आत असेल याची काही खात्री नाही. म्हणून म्हटलं आपणच मिसळावं.

परदेशातले व्हिडिओ बघून ढोबळ गणित कळलंय. व्हीजी म्हणजे व्हेजिटेबल ग्लिसरीन, त्याने वाफ दाट येते. पीजी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ते पातळ असतं आणि चव धरून ठेवतं. त्यात फ्लेवर आणि हवं असेल तर निकोटिन. ०.०१ ग्रॅमचा काटा, सिरिंज आणि गडद काचेच्या बाटल्या घेऊन ठेवल्यात. खरं सांगू का, निकोटिनपेक्षा मला चवी जुळवण्यातच जास्त मजा येते. काळं द्राक्ष-पुदिना, वाळा, पेरू-तिखट, असं आपल्याकडचं काहीतरी करायचंय.

मेडिकलमधलं ग्लिसरीन चालेल का? केकच्या सामानाच्या दुकानातले इसेन्स चालतील का? आणि हे सगळं नाशकात एका ठिकाणी कुठे मिळेल? प्रवचन नको, कृपया.

सातपूरचा_भो

काय करून ऱ्हायला भो! द्राक्षाच्या गावात राहून द्राक्षाची वाफ ओढतो? जानेवारी येऊ दे, क्रेटभर आणून टाकतो तुझ्याकडे.

वकीलताई_शरणपूर

प्रवचन देत नाही, कलमं सांगते. ई-सिगारेटवर आधी १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, जाहिरात, सगळ्याला बंदी. व्याख्येत 'निकोटिनसह किंवा निकोटिनविना' असं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे 'मी बिननिकोटिनचं करतोय' ही पळवाट नाही. शिवाय बंदी पूर्ण वस्तूला आहे तशी तिच्या कुठल्याही भागालाही आहे.

पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीचं कलम वेगळं आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते जागेच्या मालकाला किंवा जागा ताब्यात असणाऱ्यालाही लागतं. तुम्ही भाड्याने राहत असाल तर घरमालकाचाही विचार करा. स्वतः ओढण्याला कायद्यात थेट शिक्षा नाही, म्हणून लोक 'आपल्यापुरतं केलं तर काय होतंय' म्हणतात. पण तुम्ही ओढण्याबद्दल विचारत नाही आहात, बनवण्याबद्दल विचारताय.

बिनधास्त_बोल

वा! म्हणजे टपरीवर सिगारेट खुशाल विकायची आणि त्यापेक्षा कमी घातक गोष्टीला बंदी. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य खात्याने २०१५ मध्येच सांगितलं होतं की व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. तिकडे डॉक्टरच सांगतात, सिगारेट सोड आणि व्हेप घे म्हणून. आपल्याकडे मात्र आली गोष्ट की घाल बंदी.

लॅबकोट

बिनधास्तभाऊ, कायदा शहाणा की वेडा हा वाद दुसऱ्या धाग्यावर घालू. पण तो ९५ टक्क्यांचा आकडा तिथे बाजारात मिळणाऱ्या तयार मालाबद्दल होता. त्या वेळी युरोपात जे नियम ठरले त्यात निकोटिन एका मिलीला २० मिलिग्रॅमच्या वर नको, बाटली १० मिलीपेक्षा मोठी नको, आणि बाजारात आणण्याआधी आत काय आहे ते सरकारला कळवायचं. स्वयंपाकघरात सिरिंजने मिसळलेल्या बाटलीला तो आकडा लावता येत नाही.

आता धागाकर्त्याला. मी एमआयडीसीत खाद्य फ्लेवरच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून इसेन्सच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो.

केकच्या दुकानातला इसेन्स खाण्यासाठी सुरक्षित ठरवलेला असतो. तपासणी पोटाची झालेली असते, फुप्फुसाची नाही. पोटात आम्ल आहे, पुढे यकृत आहे, तिथे बऱ्याच गोष्टींचा निकाल लागतो. फुप्फुसात तसं काही नाही. याचं जुनं उदाहरण डायॲसिटिलचं. लोण्याचा, कस्टर्डचा वास त्याचाच. पॉपकॉर्नवर घालून खाल्लं तर काही होत नाही. पण २००० साली अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या एका पॉपकॉर्न कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसाच्या बारीक नळ्या कायमच्या आकसण्याचा आजार झाल्याचं उघड झालं. गरम टाकीवर वाकून ते तो वास श्वासात घेत होते, बस. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ५१ फ्लेवरची ई-लिक्विडं तपासली, त्यातल्या ३९ मध्ये डायॲसिटिल निघालं. म्हणजे तयार मालाची ही गत. तू जो बटरस्कॉचचा इसेन्स आणशील त्यावर घटकांची एवढी फोड छापलेलीही नसते.

दुसरं तेल. आपल्याकडे इसेन्स दोन तऱ्हेचे मिळतात, पाण्यात विरघळणारे आणि तेलात विरघळणारे. चॉकलेटवाले तेलातले घेतात. संत्र्याचं तेल, पुदिन्याचं तेल, लवंगेचं तेल हेही लोक 'नैसर्गिक आहे' म्हणून टाकतात. तेल फुप्फुसात साचलं तर न्यूमोनियासारखं दुखणं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात भरती झाले किंवा दगावले, त्यातले मृत्यू ६८. मुख्य संशयित निघालं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, जे गांजाच्या अर्काच्या काडतुसांमध्ये घट्टपणासाठी घालत होते. आता हेच व्हिटॅमिन ई लोक गोळीतून खातात आणि चेहऱ्याला फासतात.

दालचिनीचा वास देणारा सिनॅमाल्डिहाइड श्वासनलिकेच्या पेशींना झोंबतो. साखर घातलीस तर ती कॉइलवर, म्हणजे व्हेपमधल्या तापणाऱ्या तारेवर, जळून कोळसा होते. आणि ग्लिसरीनच फार तापलं तर ॲक्रोलिन तयार होतं, कढईत तेल जळाल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा जो वास येतो तोच.

निकोटिनबद्दल एवढंच की ते कातडीतून आत जातं. दिंडोरीकडच्या जुन्या बागायतदारांना निकोटिन सल्फेट हे नाव विचारून बघ. ते फवारायचं कीटकनाशक होतं, आता देशात वापरायला बंदी आहे. घरात लहान मूल असेल तर ती बाटली घरात नकोच.

मेडिकलवाला_नाशिकरोड

ग्लिसरीनच्या प्रश्नावर माझे दोन शब्द. 'ग्लिसरीन' नावाने मिळणाऱ्या सगळ्या बाटल्या एकसारख्या नसतात. औषधी दर्जाचं वेगळं, कारखान्यात वापरायचं वेगळं. १९८६ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन पाजल्यानंतर १४ रुग्ण दगावले होते, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं निघालं. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला तो त्याच प्रकरणात. खोकल्याच्या औषधांनी मुलं दगावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, तिथेही बहुतेक वेळा हाच भेसळीचा प्रकार असतो. आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्येही तीच भेसळ होते. नाकाने वास घेऊन किंवा रंग बघून ती कळत नाही. कॅन उघडून सुटं देणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नका.

आता जे मिळतं ते सांगतो. २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. लोक तो च्युइंगमसारखा सपासप चावतात आणि मग 'मळमळलं, उचकी लागली, काही उपयोग नाही' म्हणून परत येतात. हळूहळू चावायचा, जिभेला चुरचुरलं की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. चुरचुर गेली की पुन्हा चावायचा. चहा-कॉफी-सरबत पंधरा मिनिटं आधी नको आणि गम तोंडात असताना तर नकोच, आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत सरकारी हेल्पलाइन आहे. व्हेप म्हणायला लाज वाटत असेल तर निकोटिन म्हणा, त्यांना रोजचंच आहे.

कॉलेजरोडवासी

लॅबकोट, मेडिकलवाले, धन्यवाद. खरंच इतकं माहीत नव्हतं. वकीलताईंचं वाचून तर घाम फुटला, खोली काकांच्या नावावर आहे.

गमचं बघतो. पण मग काटा, बाटल्या, सिरिंजा यांचं काय करू? आणि मजा चवी जुळवण्यात होती, ती गममध्ये कशी येणार?

लॅबकोट

अरे मग चवी जुळवच की, फक्त त्या पी. सिरप कर, सोडा कर. आम्ही दिवसभर तेच करतो आणि त्याचा पगार घेतो. तुझा तो ०.०१ चा काटा इथे सोन्यासारखा आहे. एकच अट, निकोटिन लागलेली एकही सिरिंज किंवा बाटली स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही, ती फेकायची.

पद्धत तीच ठेव. इसेन्स थेट सिरपमध्ये ओतायचा नाही. त्याचं आधी दहा टक्क्यांचं पातळ द्रावण कर, म्हणजे १ ग्रॅम इसेन्स आणि ९ ग्रॅम पाणी (पाण्यात विरघळणारा असेल तरच). मग १०० ग्रॅम साध्या सिरपमध्ये थोडंथोडं घालत जा, प्रत्येक वेळी वजन लिहून ठेव. रात्री चाखलेलं सकाळी पुन्हा चाख. ताजं मिसळलेलं नेहमी तिखट लागतं, मुरल्यावर कोपरे गळून पडतात. आणि चाखताना सोड्यात पातळ करूनच चाख, नुसत्या सिरपात साखर सगळं झाकते.

बाजारी इसेन्सच्याही आधी फळाकडे जा, असं माझं मत. लिंबाची साल किसून साखरेत झाकून ठेव, सालीतलं तेल साखर ओढून घेते. तो वास कुठल्याही बाटलीत मिळायचा नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी

काळ्या द्राक्षाचं मी सांगतो, कारण इतरांना ते फक्त मॉलमध्ये भेटतं. शरद सीडलेस घे. निर्यातीच्या घडातून छाटलेले सुटे मणी पॅकिंगच्या दिवसांत स्वस्तात मिळतात, चवीला अव्वल, फक्त दिसायला डावे. रंग सालीत असतो, म्हणून मणी चुरून मंद आचेवर कोमट कर, उकळू नको. उकळलं की जॅमचा वास येतो. गाळ, रस रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. सकाळी तळाशी बारीक काचेसारखे खडे दिसतील. घाबरू नको, काच नाही, द्राक्षातलं टार्टारचं मीठ आहे. वरचा रस अलगद ओतून घे.

साखर किती? फळाचं सिरप म्हणवायला ६५ ब्रिक्स (म्हणजे १०० ग्रॅममध्ये साधारण ६५ ग्रॅम साखर) लागतं, तेवढ्या गोडीत टिकतंही बरं. ब्रिक्स मोजायचा मीटर आमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात असतो, पण तो ३२ पर्यंतच दाखवतो. म्हणून १० ग्रॅम सिरपात २० ग्रॅम पाणी घाल, ढवळ, थेंब काचेवर टाक आणि आलेला आकडा तिनाने गुण. साडेएकवीस ते बावीस आला की जमलं. वजनानेच घे हं, मापट्याने नाही.

पुदिना सिरपात शिजवू नको, काळपट पडतो आणि गवतासारखा लागतो. पिताना ग्लासात चुरगळ.

पंचवटीची_काकू

वाळ्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. रविवार कारंजाकडे काष्ठौषधी ठेवणाऱ्या दुकानात वाळ्याच्या मुळ्या मिळतात. तीन-चार पाण्यांतून धुवायच्या, माती निघेपर्यंत. मग कापून रात्रभर पाण्यात. सकाळी गाळून त्या पाण्यात साखर विरघळवायची, उकळी फुटू द्यायची नाही, वास उडतो. आणि बाळा, सरबत हिरवं झालं नाही म्हणून नाराज होऊ नकोस. खरं वाळ्याचं पाणी फिकट पिवळसरच असतं, बाजारातलं हिरवं ते रंगाचं.

पेरूचं जरा जपून. पिकलेला पेरू साखर आणि लिंबू घालून फार आटवलास की जेली होते, बाटलीतून बाहेरच येत नाही. गर गाळून थोडासाच गरम करावा. तिखट-मीठ बाटलीत नाही, ग्लासच्या काठाला.

सातपूरचा_भो

काकू, ग्लासच्या काठाला तिखट म्हणजे आमच्या भाषेत पार्टी झाली.

कॉलेजरोडवासी

काकू, भारी! मुळ्या आणतो. दिंडोरीवाले भाऊ, हंगाम सुरू झाला की तुम्हाला नक्की गाठणार. लॅबकोट, एक शंका राहिली. घरी सोडा मशीन आहे, सिरप त्यातच घालून गॅस भरला तर?

लॅबकोट

अजिबात नको. फेस उसळून मशीनच्या नळीत जातो आणि छतापर्यंत जांभळं होतं. फक्त पाणी भर, तेही फ्रीजमधलं गार, गार पाण्यात गॅस जास्त मुरतो. मग ग्लासात एक भाग सिरप, पाच भाग सोडा. सोडा कडेने ओत आणि चमचा एकदाच फिरव.

मेडिकलवाला_नाशिकरोड

आणि गम तोंडात असताना हे आंबट सोडे पिऊ नका. आधी सोडा, मग चूळ, मग पंधरा मिनिटांनी गम.