सोलापूरसाठी एक दिवस ठेवाच

विद्यार्थी-देवाणघेवाणीत (एक्सचेंजवर) आलेल्या जर्मन मुलांना ‘सोलापुरात काय दाखवणार, थेट तुळजापूर-अक्कलकोटला न्या’ असा सल्ला कुणीतरी दिलेला वाचून वाईट वाटलं. मागे अशीच एक मुलगी आमच्याकडे आठवडाभर राहिली होती, तिच्या गटाबरोबर मी दिवसभर फिरले.

सकाळी ऊन चढायच्या आत तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर आणि शेजारचा भुईकोट किल्ला उरकला. भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात मात्र मुलं हलेनात. 1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी हे एक. जखमी सैनिकांची सेवा करता करता 1942 मध्ये तिथेच गेले, अवघ्या 32 व्या वर्षी. मुलांचे प्रश्न संपत नव्हते.

आणि पूर्वभागातला चादरीचा कारखाना चुकवू नका! जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून कुठला धागा उचलायचा ते ठरतं, म्हणजे नक्षी छापलेली नसते, विणतानाच उमटते. त्या खटखटाटात पोरं अर्धा तास उभी होती. मालकांना आधी विचारा मात्र.

जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी द्या, सोबत दही भरपूर ठेवा. चार हुतात्मा चौक संध्याकाळी करा, इंग्रजांनी 1930 मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉची (लष्करी कायद्याची) आणि त्यानंतर फाशी गेलेल्या चौघांची गोष्ट निवांत सांगता येते.